साडेसात कॅरेटची अशरफी

आज्जीचा पितळी डबा आम्ही ३ नोव्हेंबर २०२४ ला उघडला. भाऊबीज होती, त्यामुळे आत्या, काका, चुलत भाऊ असे सगळे औसा तालुक्यातल्या गावच्या घरी जमले होते. डब्यात जोडव्यांचा एक जोड, सुपारी फोडायचा अडकित्ता आणि लाल फडक्यात बांधलेली नाणी निघाली. निजामाच्या राज्यातले हाली रुपये सात, इंग्रजांचे कलदार रुपये तीन, भोकाचे पैसे मूठभर, १९४७ चा एक रुपया. पण सगळ्यांची नजर गेली ती दोन नाण्यांवर. एक चारमिनार असलेलं नाणं, हाली रुपयासारखंच, पण पिवळंधमक. दुसरं पाचव्या जॉर्जच्या छापाचं, १९३६ चं, पाव आण्याचं, म्हणजे जुना एक पैसा, तांबूस दिसायला हवं असं. ते मात्र चांदीसारखं पांढरं.

"अशरफी हाय ही," काका म्हणाले. "निजामाची. सोन्याची."

मग जेवणं तशीच राहिली आणि वाटण्यांची बोलणी सुरू झाली. चुलत भावाने मोबाइलवर सोन्याचा भाव काढला, अकरा ग्रॅमला गुणला, आणि तीन घरांत भागलासुद्धा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, एवढ्या भांडवलावर 'तपासून आण' हे काम माझ्याकडे आलं. नाण्यांचं मला काडीचं ज्ञान नव्हतं. पुढचे पाच महिने जे करत गेले ते इथे लिहून ठेवते, कारण सुरुवातीला मी जे शोधत होते ते मराठीत कुठे एका जागी सापडलं नाही.

पहिले पंधरा दिवस वाया गेले. भावाने कुठल्याशा व्हिडिओखाली फोटो टाकले आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. पांढरा पैसा म्हणजे टाकसाळीत चुकून चांदीवर पडलेला 'ट्रायल पीस', किंमत लाखांत, फक्त नोंदणीचे १,५०० रुपये आधी भरा, रिझर्व्ह बँकेचं पत्र घरी येईल. भाऊ पैसे पाठवायला निघालाच होता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी त्यांचा काही संबंध नाही आणि असल्या व्यवहाराला बँक कधी शुल्क मागत नाही. ते पत्रक त्याला वाचून दाखवलं तेव्हा कुठे थांबला. तरी मला आठवडाभर म्हणत होता, "तुझ्यामुळं गिऱ्हाईक गेलं."

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची ड्युटी होती. ती उरकून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आमच्या गल्लीतल्या निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेले. आम्ही त्यांना चाचाच म्हणतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाणं डोळ्याजवळ नेलं आणि मिनिटभरात काम संपवलं.

"बेटा, हे बघ. इथे लिहिलंय यक रुपया. अशरफी असती तर अशरफी लिहिलं असतं."

चारमिनारच्या मधल्या कमानीत एक छोटं अक्षर असतं. ते 'ऐन' आहे, म्हणजे उस्मान अली खानांचं. 'मीम' असतं तर त्यांच्या वडिलांचं, महबूब अली खानांचं. साल हिजरी १३३०, इसवी सनात १९११-१२. एवढं सगळं त्या पिवळ्या चकतीवर इतकी वर्षं लिहिलेलं होतं आणि आमच्या घरात वाचणारं कुणी नव्हतं. ज्यांच्याकडे निजामाची नाणी असतील त्यांना सांगेन की सराफाकडे जायच्या आधी उर्दू वाचणारं कुणीतरी गाठा. फुकटात निम्मं काम होतं. चाचांनी तर वर शिरखुर्मा खाऊ घातला.

तरी काकांचा मुद्दा राहिलाच: "रुपयाच्या ठश्यानं सोन्यात पाडला असंल तर?" आणि वजनाने त्यांना बळ दिलं. हाली रुपया ११.१७८ ग्रॅमचा आणि निजामाची अशरफीही ११.१७८ ग्रॅमचीच. म्हणजे नुसत्या तराजूवर दोघी सारख्याच. फरक आकारात. सोनं चांदीपेक्षा जवळपास दुप्पट जड, म्हणून तेवढ्याच वजनाची अशरफी रुपयापेक्षा चांगलीच लहान असते. आमचं नाणं डब्यातल्या साध्या हाली रुपयावर ठेवलं तर काठाला काठ जुळत होता, जाडीही तीच. मला तिथेच कळलं होतं. पण 'मला वाटतं' एवढ्यावर तीन घरं शांत होत नाहीत.

३० नोव्हेंबरला लातूरला गंजगोलाईत गेले. ज्यांनी गोलाई पाहिली नाही त्यांच्यासाठी: मध्ये गोल इमारत, तिला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि कुठल्या रस्त्याने आत आलो हे माझ्यासारखीला बाहेर पडताना कधीच आठवत नाही. सराफ लाइनमध्ये आमच्या नेहमीच्या सराफांकडे आधी गेले. त्यांनी सवयीने कसोटीचा दगड पुढे ओढला. मी नाणं मागे घेतलं. कस लावायचा म्हणजे नाणं दगडावर घासायचं, मग त्या रेघेवर तेजाब. दागिन्याला ते चालतं, नाण्याला कायमचा ओरखडा. त्यांना राग आला नाही, त्यांनी शेजारच्या टंचवाल्याकडे, म्हणजे मशीनवर धातूची शुद्धता काढून देणाऱ्याकडे, पाठवलं. भट्टीची तपासणी सगळ्यात खरी, पण तिला तुकडा कापून द्यावा लागतो, हेही त्यांनीच सांगितलं.

टंच काढायचं दुकान म्हणजे सहा बाय आठची खोली, एक मशीन, एक मुलगा. एका नाण्याचे १०० रुपये. मशीनच्या पेटीत नाणं ठेवायचं, झाकण लावायचं, क्ष-किरण पडतात, प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत फेकतो, त्यावरून मशीन टक्के सांगतं. अर्ध्या मिनिटात पट्टी बाहेर आली.

"मॅडम, साडेसात कॅरेट दाखवायलंय."

"साडेसात कॅरेटचं नाणं कोण पाडतं?"

"ते मला काय माहीत. मशीन दाखवायलंय."

पट्टीवर सोनं ३१.४, चांदी ५५.९, तांबं १२.१. तिथेच थांबून घरी आले असते तर काकांनी 'एक तृतीयांश तर सोनं हाय की' म्हणून नवी वाटणी मांडली असती. मी मुलाला म्हटलं, उलटं करून पुन्हा बघ. आता सोनं २२.८, चांदी ६३. मग मिनारच्या टोकाशी पिवळा रंग झिजून पांढुरकं दिसत होतं तिथे तिसऱ्यांदा: सोनं २.१, चांदी ८०.३, तांबं १७.२. पुढच्या दोन वेळांचे त्याने पन्नास-पन्नास घेतले. एकाच नाण्याचे तीन ठिकाणी तीन निकाल. अख्खा धातू असता तर कुठेही विचारलं तरी उत्तर साधारण एकच आलं असतं. आणि झिजल्या जागेचा आकडा तर ओळखीचा निघाला, कारण हाली रुपयात चांदी ८१.८ टक्के असते.

मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याचे किरण सोन्या-चांदीत केसाच्या जाडीएवढेही खोल जात नाहीत. वरचा मुलामा आणि खालची चांदी दोन्ही एकदम दिसतात आणि ते बिचारं दोघांची मिसळ एकच धातू समजून कॅरेट काढतं. तेव्हा टंच काढताना तीन जागा सांगा: सपाट भाग, उलटी बाजू, आणि सगळ्यात झिजलेली जागा. कॅरेटच्या आकड्याकडे बघू नका, तीन पट्ट्या शेजारी ठेवून बघा.

मशीन कातडं बघतं. पोट बघायला पाणी लागतं. हा प्रयोग मी दरवर्षी मुलांना आर्किमिडीजच्या धड्यात तोंडी शिकवते, हाताने कधी केला नव्हता. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा ८५० रुपयांना मागवला. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पेल्यात सोडायचं. पूर्ण बुडलं पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काटा जो आकडा दाखवतो तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरडं वजन भागिले तो आकडा, म्हणजे घनता. चांदीची साडेदहाच्या आसपास, सोन्याची १९.३, तांब्याची नऊला थोडी कमी.

रात्री भांडी आवरल्यावर ओट्यावर मांडलं. दोरा हाताने धरला तर आकडा नाचत राहतो, म्हणून दोन डब्यांवर लाटणं आडवं ठेवून त्याला दोरा बांधला. कोरडं वजन ११.०६. पाण्यात १.१३. भागिले तर ९.७९. म्हणजे चांदीही नाही? पोटात गोळाच आला. आज्जीच्या डब्यात कुणी नकली रुपया टाकला की काय. टॉर्च लावून पेल्यात पाहिलं तर उर्दू अक्षरांच्या खाचांत मोहरीएवढे बुडबुडे अडकलेले. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला, नाणं बोटाने चोळून पुन्हा सोडलं. १.०९. घनता १०.१५. मग डब्यातला साधा हाली रुपया तसाच मोजला: ११.०९ आणि १.०९, घनता १०.१७. (आधी हाच, ओळखीचा, मोजायला हवा होता. म्हणजे बुडबुड्यांनी झोप उडवली नसती.) अशरफी असती तर पाणी ०.६४ च्या आसपासच सरकलं असतं. प्रश्न मिटला. चांदीचा रुपया, वर सोन्याचं पातळ कातडं.

त्याच रात्री पांढरा पैसाही मोजला. ४.७१ आणि ०.५३, म्हणजे ८.८९. चांदी आत नाहीच. पाव आणा काशाचा असतो, नवा असताना ४.८६ ग्रॅम, सगळं जुळलं. 'चांदीवर पडलेला ट्रायल पीस' तिथेच मेला. चुंबक लावून पाहिला. १९४७ चा रुपया निकेलचा, तो टपकन चिकटला, पैसा ढिम्म. म्हणजे वर निकेलचा जाड थर नाही, लोखंड तर नाहीच. उरले जस्त, कथिल, पारा, किंवा चांदीचाच मुलामा. पाऱ्याची मला धास्ती होती, कारण शाळेत असताना फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा आम्ही पैशावर चोळून तो 'चांदीचा' केलेला आठवतो. तेव्हा कुणी ओरडलं नाही. आता माझ्या वर्गात कुणी करताना दिसलं तर मी किंचाळेन.

आता खरं तर थांबायला हरकत नव्हती. पण मुलामा कसला, कुणी, कधी, हे डोक्यातून जाईना. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं की विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यापेक्षा चांगलं मशीन आहे आणि बाहेरच्यांचेही नमुने घेतात. ६ जानेवारीला अर्ज केला. विभागप्रमुखांच्या नावे पत्र, आधारची झेरॉक्स, आणि एक छापील नमुना-पत्रक. त्यात 'नमुना घन / द्रव / भुकटी' आणि 'नमुना परत हवा काय' असे रकाने. मी 'होय' लिहून शेजारी लाल शाईत 'नमुना कापणे, घासणे, धुणे नाही' असंही लिहिलं. बाबूंनी चष्म्यावरून बघितलं, पण शिक्का मारला. बाहेरच्या व्यक्तीसाठी नमुन्याला ५०० अधिक जीएसटी, दोन नाण्यांचे ११८० रुपये. ऑनलाइन चलन भरलं तर नावात नवऱ्याचं नाव मागेपुढे झालं म्हणून पावती निघेना. त्यासाठी वेगळा अर्ज, आणि त्या अर्जाला पुन्हा आधारची झेरॉक्स. तेवढ्यात मशीन दुरुस्तीला गेलं. तारीख मिळाली १२ फेब्रुवारी. किरकोळ रजा टाकली. जानेवारीअखेर एसटीचं भाडं वाढलं होतं, पण बाईमाणसाला अर्धं तिकीट असल्याने फार टोचलं नाही. नाणी ठेवून जा, म्हणाले. मी म्हटलं, बसते. पाच तास बसले. आपली वस्तू नजरेआड करू नका. संशय म्हणून नाही, शंभर नमुन्यांत एक पुडी इकडची तिकडे व्हायला वेळ लागत नाही.

मशीनवरच्या सरांनी पडद्यावरचा आलेख दाखवला. सोन्याच्या सुळक्याला जवळजवळ चिकटून दुसरा बारका सुळका होता.

"हा पारा. सराफाच्या मशीनला बहुतेक शोधायलाच सांगितलेला नसतो, आणि सोन्याच्या इतका जवळ येतो की लपून जातो."

पारा म्हणजे जुन्या पद्धतीचा मुलामा. सोन्याचा चुरा पाऱ्यात खलून लोण्यासारखा लगदा करायचा, तो चांदीवर चोळायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा वाफ होऊन उडतो, सोनं चिकटून राहतं, आणि थोडा पारा त्यात कायमचा अडकतो. ती वाफ विषारी. ज्या सोनाराने हे केलं त्याने ती किती वर्षं छातीत घेतली असेल कोण जाणे. आताचा विजेवरचा मुलामा असता तर पारा सापडला नसता, उलट बऱ्याचदा सोन्याखाली निकेलचा थर सापडतो. इथे निकेल नव्हतं. भिंगातून पाहिल्यावर अक्षरांच्या खाचांत सोनं दाटलेलं आणि उंचवट्यांवर विरलेलं दिसत होतं. वरच्या काठाला चारमिनारच्या बरोबर डोक्यावर एक खडबडीत ठिपका आहे, तो कडी जोडलेली असल्याचा डाग. कुणीतरी गळ्यात घालायचं हे.

पैशावर निघालं कथिल. थोडं तांबं, किंचित शिसं. सरांनी विचारलं, "हे कशाला कुणी करेल?" मला उत्तर सुचलं नाही. अहवाल ३ मार्चला टपालाने आला.

दरम्यान एका नाणे-विक्रेत्याने दोन्ही नाणी अमेरिकेला पाठवून प्रमाणपत्र घ्या, भाव चढतो, असा सल्ला दिला होता. चाचांनी साल वाचून दिलं होतं म्हणून वाचले. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. आमचा रुपया त्यात बसतो.

एकूण खर्च काटा, टंच, विद्यापीठ आणि प्रवास धरून अडीच हजारांच्या थोडा आत. आणि नाण्याची किंमत? संग्राहकाच्या लेखी कडी जोडलेला, मुलामा दिलेला रुपया हा बिघडलेला रुपया. डब्यातले साधे सात त्याच्यापेक्षा बरे. हे घरी सांगायचं म्हणून मी पाडव्यापर्यंत टाळलं.

३० मार्चला गुढी उभी राहिली, जेवणं झाली, आणि मी तिन्ही पट्ट्या, काटा, पेला सगळं ओसरीवर मांडलं. काकांना स्वतःच्या हाताने दोरा धरायला लावला. त्यांनी तीनदा मोजलं. मग त्यांनी हाली-कलदारचा हिशेब काढला, लहानपणी सात हाली म्हणजे सहा कलदार चालायचे. मी कागदावर करून दाखवलं: सात हालींत चांदी ६४ ग्रॅम, जुन्या सहा कलदारांतही ६४. काका त्या बेरजेकडे बराच वेळ बघत बसले. अशरफीचं मग त्यांनी काढलं नाही. भाऊ मात्र उठून बाहेर गेला. अजून नीट बोलत नाही.

आत्या कोपऱ्यात विडा लावत होत्या. पिवळा रुपया हातात घेऊन म्हणाल्या, "सासूच्या गळ्यातला म्हणायची आई. खरी पुतळी परवडत न्हवती, म्हणून रुपयालाच सोनं लावलं." मग मी पांढरा पैसा पुढे केला आणि सरांचा प्रश्न विचारला. त्यांनी तो बोटांत फिरवला आणि एकदम फिसकन हसल्या. तोंडातलं पान सांभाळत सांभाळत म्हणाल्या,

"आगं, हा माझा हाय!"

नवे पैसे निघाले तो काळ, १९५७-५८. आत्या नऊ-दहा वर्षांच्या. वेशीजवळच्या चिंचेखाली कल्हईवाला भाता लावून बसायचा. भांडं लालसर तापलं की नवसागराची चिमूट, पांढरा धूर, मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने गरगर पुसायचा, आणि बादलीत बुडवला की चर्र. आत्यांनी आईच्या पातेल्याबरोबर एक जुना पैसा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, मामा, ह्याला बी करा की. त्याने चिमट्यात धरून केला. त्या तो रुपया म्हणून दुकानात गूळ आणायला घेऊन गेल्या.

"मग? मिळाला गूळ?"

"गूळ कुठला. वाण्यानं आईला सांगितलं. आईनं पैसा घेतला काढून, आन् धपाटा दिला. ह्यात ठेवला व्हय तिनं?"

पैसा आता आत्यांकडे आहे.